गुरुवारची नागकन्या

शनिवार, ८ नोव्हेंबर २००३

ही डायरी माझ्या मुलाच्या, जॉन्सनच्या, ऑफिसातली. गेल्या वर्षाची आहे, त्यामुळे छापलेल्या तारखा खोडून लिहावं लागतंय. आजपर्यंत हिच्यात वाणसामानाच्या याद्या सोडून मी काही लिहिलं नव्हतं. पण आज जे केलं ते कुणाला सांगता येत नाही आणि पोटातही राहत नाही.

आमच्या चर्चच्या भगिनी मंडळाची सहल आज भांडगावला गेली होती. तिथे सोलापूर रस्त्याला लागून पोपटराव नावाच्या गृहस्थांनी जुन्या जत्रांचं संग्रहालय काढलंय. पोल्ट्रीची दोन लांबलचक शेडं. कोंबड्या गेल्या, वास राहिला. आत चार डब्यांचा लाकडी पाळणा, माणसं लोंबकळून फिरवायची तो. लाकडी घोड्यांची चक्री, त्यात अकरा घोडे आणि एक कान तुटलेला उंट. मौत का कुआँच्या फळ्या, त्यांवर अजून टायरचे काळे पट्टे. पुठ्ठ्याचं विमान, ज्यात बसून फोटो काढायचे. आणि वेडेवाकडे आरसे. त्यातल्या एका आरशात पाळकबाई इतक्या सडपातळ दिसल्या की त्या तिथून हलेचनात.

पोपटराव स्वतः सगळं दाखवत होते. म्हणाले, "आमचा आजा मेंढरांमागं फिरला, बाप पाळण्यामागं फिरला, मी बी तीस वर्सं फिरलो. मग म्हटलं, आता जत्रंनं एका जागी बसावं आन् मानसांनी फिरावं."

शेवटी एक काळा पडदा. वर पाटी : नागकन्या. विचाराल ते खरं सांगेल. मंडळातल्या बायका आरशांपाशी होत्या तेवढ्यात मी पडद्याच्या मागच्या बाजूने शिरले. मला कुठलीही गोष्ट आतून कशी आहे ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही. शाळेत शिवण शिकवायची तेव्हाही नवं मशीन आलं की आधी उघडून बघायची.

आत पोपटरावांच्या घरच्या, भामाबाई, मानेला बाम चोळत बसल्या होत्या. निम्मा चेहरा हिरवा. मला वाटलं ओरडतील, पण म्हणाल्या, "बघायचंय व्हय? बघा की."

मेजाला मधोमध भोक. खाली तिरके आरसे लावलेत, त्यामुळे समोरून मेज पोकळ दिसतं. आपण आरशांमागे पाटावर बसायचं, डोकं भोकातून वर काढायचं आणि कापसाने भरलेला टिकल्यांचा साप गळ्याभोवती येतो. झालं. बाईचं डोकं, सापाचं धड. मी म्हटलं, एकदा बसून बघू? त्यांनी हसत हसत मला रंग फासला, मुकुट घातला. म्हणाल्या, "माझी मान बी जरा सुटंल. पन एक ध्यानात ठेवा. हितं डोकं घातलं का खोटं बोलायचं न्हाई. गोल गोल बोला, पन खोटं न्हाई. माझ्या सासूनं मला हेच सांगितलं हुतं."

तेवढ्यात पडदा सरकला आणि समोर आमचं अख्खं भगिनी मंडळ!

पाळकबाई पुढे आल्या. "सांग बघू, मी कुठून आले?"

मी नाकात आवाज काढला. "शिरूरवरनं. आन् जेवनाचा मोठा डबा गाडीतल्या शीटखाली इसरून आलीस."

त्या पळतच गेल्या डबा बघायला. डबा शीटखालीच होता. मीच ठेवला होता.

परत येताना सगळ्या गाडीत तेच बोलत होत्या. मी खिडकीतून बाहेर बघत होते. हसू इतकं दाबलं की बरगडी दुखतेय.

सोमवार, १० नोव्हेंबर

जॉन्सनचा पुण्याहून फोन. म्हणतो, दोघांनी म्हातारपणी शिरूरला एकटं कशाला राहायचं, जानेवारीत हडपसरला या, एक खोली तुमचीच आहे. घर बघायला एक पार्टीही तो पाठवणार आहे.

फोन ठेवल्यावर मास्तर (आमचे हे. शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून साऱ्या गावाला दावीद मास्तर आणि मलाही मास्तरच) म्हणाले, "काय करायचं?"

मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं."

ते "हं" म्हणून पेपर वाचायला लागले. म्हणजे ठरलंच. चौतीस वर्षं मी या घरात राहिले. खिडकीत बसलं की कोण कुठली एसटी पकडायला पळतंय ते दिसतं. निम्म्या गावाच्या कमरेची मापं मला पाठ आहेत. हडपसरला चौथा मजला. पण मला विचारतं कोण?

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज मी परत भांडगावला गेले. लिहिताना हात थांबतोय, पण गेले हे खरं.

दर गुरुवारी भामाबाईंना मान शेकायला दौंडला जावं लागतं, आणि आता शाळांच्या सहलींचा मोसम. पोपटरावांनी शनिवारी निघताना हळूच विचारलं होतं, "बाई, गुरुवारचं जमंल का?" मी म्हटलं, छे! आणि आज सकाळी नऊच्या चौफुल्याच्या गाडीत बसले होते. चौफुल्याला उतरलं की भांडगाव जवळच.

मास्तरांना सांगितलं, केडगावच्या रूथची कंबर धरलीय, तिला मदतीला जाते. रूथ माझी मावसबहीण. केडगाव चौफुल्याच्या जवळच आहे, म्हणजे दिशा तरी खरी. पण खोटं ते खोटंच. बायबलातल्या पहिल्या बागेत बाईला फसवलं ते सापाने. इथे बाईच साप झाली आणि नवऱ्याला फसवून बसली. पाळकसाहेबांना कळलं तर यावर एक प्रवचन सहज होईल.

पाच शाळा आल्या. एका मुलीने विचारलं, तू जेवतेस काय? मी म्हटलं, "शाळंत डबा टाकून देनाऱ्या पोरींचा डबा." तिने लगेच दप्तरावर हात ठेवला. एका गुरुजींनी सगळ्यांना बाहेर पाठवून हळूच विचारलं, माझी बदली होईल का? मी गोल गोल बोलले. खोटं काही नाही.

घरी आले तेव्हा मास्तर म्हणाले, "रूथ कशी आहे?"

"कंबर अजून धरलेलीच आहे. दर गुरुवारी जावं लागेल."

"बरं," म्हणाले.

कधीही काही विचारत नाहीत, त्याचा आज पहिल्यांदा फायदा झाला.

गुरुवार, २० नोव्हेंबर

मान आखडलीय. पण काय दिवस गेला! रांजणगावच्या एका कंपनीची बस आली होती. हेल्मेट घातलेला एक धिप्पाड माणूस मला बघून तीन पावलं मागे सरकला.

घरी आले तर कळलं, दुपारी रूथचा फोन येऊन गेला. मास्तरांनी घेतला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय म्हणाली?"

"विशेष नाही. तब्येत ठणठणीत आहे म्हणाली."

"आणि?"

"आणि काय? तुझी आठवण काढत होती."

हुश्श! रूथ तशी बोलघेवडी, पण नेमकं ते बोलून गेली नाही. मास्तरांच्याही काही लक्षात आलं नाही. रात्री त्यांनी स्वतःहून बामची बाटली काढून माझ्या उशाशी ठेवली. म्हणाले, "कंबर रूथची, मान तुझी. काळजी घे."

भोळा माणूस.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

दुपारचा दुसरा खेळ. पडदा सरकला. समोर यवतच्या शाळेची पोरं, आणि त्यांच्या मागे, भिंतीला टेकून, राखाडी स्वेटर घातलेले आमचे मास्तर! जे नाक्यापलीकडे दाढीलासुद्धा जात नाहीत, ते पंचेचाळीस किलोमीटर लांब, भांडगावात.

पळावं म्हटलं तर मान भोकात अडकलेली. डोळे मिटले. मग वाटलं, मिटलेले डोळे ओळखीचे दिसतील, म्हणून उघडले. पोरांचे प्रश्न झाले. मास्तर शांतपणे पुढे आले.

"इथून शिरूर किती लांब?"

मी आवाज आणखी नाकात ओढला. "पंचेचाळीस. थोडं हिकडं तिकडं."

त्यांनी मान डोलावली. वर्गात बरोबर उत्तर आलं की डोलावतात तशी. आणि निघून गेले. मला ओळखलं नाही! रंग, मुकुट, आवाज, सगळं इतकं बेमालूम की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

पुढे संकट होतं. चौफुल्याहून शिरूरला जाणारी गाडी एकच, चार वाजताची. मी तोंडावर पदर ओढून पुढे बसले. ते मागे. न्हावऱ्याला गाडी थांबली तेव्हा ते चहाला उतरले. कंडक्टरने दोनदा घंटा मारली तरी यांचा चहा संपेना. कप हातात धरून नुसते उभे. गाडी सुटली, ते तिथेच राहिले. देव माझ्यासारख्या पापिणीलाही सांभाळतो!

मी घरी येऊन भात लावला तेव्हा कुठे ते जीपने आले.

"कुठे गेला होता?"

"जरा पाय मोकळे करायला." मग म्हणाले, "तुझ्या कानामागे काहीतरी लागलंय."

हिरवा रंग! मी म्हटलं, "रूथ दाराला रंग देतेय."

"कंबर धरलेली असताना?"

"खालच्या खाली देतेय."

"बरं," म्हणाले, आणि रॉकेलचा बोळा आणून दिला.

गुरुवार, ४ डिसेंबर

आजही आले. मला वाटलं होतं, एकदा बघितलं, संपलं. यांना छंदच लागलेला दिसतो. एक शिकलेला माणूस, चर्चच्या मंडळीचा पंच, आणि गुपचूप सापाला प्रश्न विचारायला येतो! घरी एक शब्द नाही.

आज पोरं बाहेर गेल्यावर थांबले. पोपटरावांना म्हणाले, "मला जरा खासगी विचारायचंय." पोपटराव लगेच पडदा ओढून बाहेर गेले. इतके लगेच, की मला नवलच वाटलं.

मास्तर समोरच्या बाकावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माझी बायको सुखात आहे का?"

आधी राग आला. घरातल्या गोष्टी परक्या सापाला? मग म्हटलं, "तिला कवा इचारलंत का?"

"विचारतो. ती म्हणते, तुम्ही म्हणाल तसं."

बाहेर टेपवर पुंगी वाजत होती.

"मी काहीच म्हणत नाही," मास्तर पुढे म्हणाले. "म्हटलं की ती तसंच करते. म्हणून मी बोलायचंच सोडलं. पण गप्प बसलो तर ते ठरलंच असं ती समजते. मग माणसाने करावं काय?"

नागकन्येला सगळं ठाऊक असतं. मला काही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "फुडल्या गुरवारी या. आज माझी मान आखडलीया."

"ती आखडणारच," ते म्हणाले आणि उठले.

येताना मी चौफुल्याला अर्धा तास मुद्दाम रेंगाळले आणि जीपने आले. सारा रस्ता मनात तेच घोळत होतं. चौतीस वर्षांत हा माणूस माझ्याशी इतकी वाक्यं सलग बोलला नव्हता, आणि बोलला तो सापाशी! घरी आल्यावर म्हणाले, "रात्री जेवायला काय करूया? पिठलं की आमटी?"

मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं."

त्यांनी मग स्वतःच पिठलं करायला घेतलं. फार गुठळ्या झाल्या.

गुरुवार, ११ डिसेंबर

परवा घर बघायला पार्टी येणार. जॉन्सनने काल फोन करून कळवलं. आज जाऊच नये असं वाटत होतं, पण नऊच्या गाडीत बसलेच. भामाबाईंचा शब्द मोडवत नाही, हे एक कारण. खरं कारण, मला ऐकायचं होतं.

दुपारी दौंडच्या एका शाळेची सहल होती, चाळीस-पन्नास पोरं. या वेळी मास्तर पोरं जाईपर्यंत थांबलेच नाहीत. त्यांच्यामधूनच पुढे आले आणि वर्गात विचारावं तसं खणखणीत विचारलं, "नागकन्ये, आमचं शिरूरचं घर विकून पुण्याला जायचं चाललंय. माझ्या बायकोला जायचंय का?"

मी तोंड उघडलं. सवयीने तेच वाक्य जिभेवर आलं, तुम्ही म्हणाल तसं. पण सापाच्या तोंडी ते शोभेना. शिवाय भामाबाईंची अट.

"न्हाई," मी म्हटलं. आवाज इतका मोठा निघाला की पुढची पोरगी दचकली. "तिला न्हाई जायाचं. चौथ्या मजल्यावरनं कुनाची एस्टी चुकली ते दिसत न्हाई. आन् तिथं तिला कोन वळखतंय? ती म्हनते तुमी म्हनाल तसं, कारन आईनं तिला लग्नात तेवढंच शिकवून पाठवलं. पन तिला न्हाई जायाचं!"

मास्तरांनी चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाने पुसला, परत घातला.

"मलाही नाही," ते म्हणाले.

पोरांनी का कोण जाणे टाळ्या वाजवल्या. आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हात आरशामागे, पुसणार कशाने? हिरव्या रंगाचे ओघळ हनुवटीपर्यंत. "नागीन रडतीया! नागीन रडतीया!" करत पोरं नाचायला लागली. पोपटराव बाहेर भोंग्यावर ओरडले, "बघा बघा! खरं आसू गाळनारी!" घसा फाटेपर्यंत ओरडले, आणि पुढच्या खेळाला इतकी गर्दी झाली की चक्री बंद ठेवावी लागली.

चौथ्या मजल्याचं मी बोलून गेले, ते आता लिहिताना लक्षात येतंय. नशीब, त्यांच्या नाही आलं.

संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोर जॉन्सनला फोन लावला. "आम्ही येणार नाही. तुझ्या आईला यायचं नाही आणि मलाही नाही." फोन ठेवला.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण संतापही आला. भूगोल शिकवलेला माणूस सापाच्या सांगण्यावरून घराचे निर्णय घेतो! मला एका शब्दाने न विचारता!

शनिवार, १३ डिसेंबर

पार्टी आली नाही, जॉन्सन आला. मोटारसायकलवरून, तोंड लाल.

"आई, हे काय? मागच्या महिन्यात मी तुला विचारलं तेव्हा तूच म्हणालीस, तुम्ही म्हणाल तसं!"

त्यालाही मी तेच म्हटलं होतं, हे मला आठवतच नव्हतं.

"बाबांनी परस्पर ठरवलं ना? तू सांग. तुला यायचंय की नाही?"

मी मास्तरांकडे बघितलं. ते पेपरमागे. म्हणाले, "तुझ्या आईलाच विचार. मी काही बोलणार नाही."

ना रंग, ना मुकुट, ना काळा पडदा. दुपारचं लख्ख ऊन, दारात आपलाच मुलगा, पोटचा. भांडगावात शंभर अनोळखी माणसांपुढे सरळ सुटणारी जीभ इथे जड झाली. "तुम्ही म्ह..." इथपर्यंत आलंच. जॉन्सन वाट बघत होता. पेपरमागेही काही हलत नव्हतं, पानसुद्धा उलटलं जात नव्हतं.

"मला यायचं नाही," मी म्हटलं.

"पण का?"

"कारण मला इथे आवडतं. तू बोलावतोस ते प्रेमानेच, ते कळतं मला. नाताळात आठ दिवस येईन, उन्हाळ्यात येईन. आजारी पडले तर तुझ्याकडेच येईन, दुसरीकडे कुठे जाणार? पण घर विकायचं नाही. आणि मला आता विचारल्याशिवाय परस्पर पार्ट्या पाठवायच्या नाहीत."

जॉन्सन माझ्याकडे नवीन कुणी दारात आल्यासारखा बघत होता. मग म्हणाला, "हे तू आधी का नाही बोललीस?"

"आधी कुणी असं समोर बसून विचारलं नव्हतं," मी म्हटलं. हे म्हणताना सापाच्या समोरचा बाक डोळ्यांपुढे आला आणि जीभ चावली.

जेवून गेला. दोन वेळा वांग्याची भाजी घेतली, म्हणजे राग गेला. गाडीला किक मारताना बापाला म्हणाला, "आईला काय झालंय?" मास्तर म्हणाले, "मान मोकळी झालीय तिची."

रविवार, १४ डिसेंबर

आज उपासनेत बसवेना. मी नवऱ्याला फसवलं हे एक पाप. पण माझ्यामुळे एक पंच दर गुरुवारी भविष्य विचारायला जायला लागला, हे त्याहून मोठं. घरी आल्यावर ताट वाढलं आणि सगळं सांगून टाकलं. भगिनी मंडळाच्या डब्यापासून रूथच्या कंबरेपर्यंत, सगळं.

"ती नागकन्या मीच होते," मी शेवटी म्हटलं आणि डोळे मिटले.

"मला माहीत होतं," मास्तर म्हणाले. "लोणचं दे."

कसलं माहीत होतं! पुरुषांना हरल्याचं कबूल करवत नाही, दुसरं काय! चौतीस वर्षांत माझी नवी साडी ज्यांना ओळखू आली नाही, ते म्हणे मला सापाच्या धडावर ओळखतात. मी तसं म्हटलं तर ते हसले फक्त. आणि इतक्या मोठ्या कबुलीनंतर म्हणाले काय, तर, "गुरुवारी मीही येतो. पोपटरावांचा घसा बसलाय. बाहेर ओरडायला माणूस नाही."

हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. मी तर सांगितलं नव्हतं.

गुरुवार, १८ डिसेंबर

आज दोघं एका गाडीने गेलो, एका शीटवर. न्हावऱ्याला चहा घेतला, दोघांनीही, आणि गाडी चुकली नाही.

पोपटराव खरोखरच घोगरे झाले होते. त्यांनी मास्तरांना भोंगा दिला. भामाबाई आज दौंडला गेल्याच नव्हत्या. पुढच्या खुर्चीत बसून म्हणाल्या, "मला बघू द्या जरा." सगळे असे तयारीत, जणू काही लग्नच आहे. मी आत जाऊन रंग लावला, डोकं वर काढलं. चेहऱ्यावर पाच थर होते, कारण मागच्या वेळसारखे ओघळ नकोत म्हणून मीच जास्त लावला.

पडद्याबाहेर मास्तर. जन्मात आवाज न चढवलेला माणूस. आधी दोनदा खोकले. मग म्हणाले, "या. पुढे या. ढकलाढकली करू नका." पोपटराव घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मास्तर, जत्रा हाय, परीक्षा न्हाई!"

मग आवाज चढला. "या हो या! धड सापाचं, डोकं बाईचं! विचाराल ते खरं सांगणारी, घरी मात्र काही न सांगणारी!" लोक हसले. "डाव्या भुवईवर बघा, बारीक खूण आहे. दुसरीत असताना पाटीचा कोपरा लागला होता. हसू दाबते तेव्हा आधी उजवी नाकपुडी हलते. प्रश्न अवघड आला की खालचा ओठ आत घेते. पहिल्या दिवशी मी भिंतीला टेकून उभा होतो तेव्हा तिने डोळे मिटून घेतले, आणि मग लगेच उघडले. बघा, नीट बघा! आजपर्यंत मी नीट बघितलं नव्हतं!"

मी आत बसले होते, मान भोकात. पाच थर रंगाखालची खूण आत येऊन उभ्या राहिलेल्या माणसालाही दिसणार नाही, तर बाहेर भोंगा घेऊन उभ्या असलेल्याला कुठून दिसणार?

एकेक गोष्ट तेव्हा ध्यानात यायला लागली. गुरुवारी आलेला रूथचा तो फोन. न्हावऱ्याला न संपणारा चहा. रॉकेलचा बोळा. पोपटरावांचं पटकन बाहेर जाणं. नागकन्येची गोष्ट तर पाळकबाईंनी गावभर केलीच असणार, त्यात माझी चौफुल्याची गाडी जुळवायला भूगोलाच्या मास्तरांना कितीसा वेळ लागणार? भामाबाई समोर बसून पदराआड हसत होत्या. म्हणजे मी एकटी सोडून अख्ख्या भांडगावाला ठाऊक होतं! मी यांना फसवतेय म्हणून महिनाभर बरगड्या दुखेपर्यंत हसले, आणि फसत होतं कोण? आधी राग आला. मग उजवी नाकपुडी हलायला लागली. हलतेय हे मलाही आजच पहिल्यांदा कळलं.

पडदा सरकला. पाटसच्या शाळेची पोरं. सगळ्यात पुढे दोन वेण्या घातलेली, शेंबूड पुसत एक चिमुरडी. ती बराच वेळ मला खालून वर बघत राहिली. मग विचारलं, "ए नागीनबाई, तुझं लगीन झालंय का?"

इथे खोटं बोलायची सोय नाही.

"झालंय," मी म्हटलं. "भाईर भोंग्यावर वरडतोय ना, तोच."

पोरं मला तिथेच सोडून बाहेर धावली. शेड रिकामं. नुसता त्यांचा गलका ऐकू येत होता. "खरंच तुमची बायकू नागीन हाय? खरंच? चावती का?"

मग भोंग्यावरून मास्तरांचा आवाज आला. वर्गात फळ्यापाशी उभं राहून द्यावं तसं सावकाश, विचार करून दिलेलं उत्तर.

"चावते कधी कधी. पण बिनविषारी आहे."